त्र्याऐंशीपैकी एकोणऐंशी

"एक पोर, मिस व्हर्डेल. मला फक्त एक पोर आणून द्या."

प्राचार्य प्रुइट ऑफिसच्या काउंटरवर दोन्ही तळहात टेकून उभे होते. सकाळचे साडेसात वाजायचे होते आणि त्यांचा शर्ट पाठीवर ओला झाला होता. बाहेर सोयाबीनच्या शेतांवरून फवारणीचं विमान खाली उतरत होतं, पुन्हा वर जात होतं; ते वळलं की खिडकीच्या काचा बारीक थरथरत.

"एकानं भागेल?" व्हर्डेलनं विचारलं. हिशेब तिला पाठ होता, पण त्यांच्या तोंडून ऐकायचा होता.

"पटावर त्र्याऐंशी. परीक्षा दिली अठ्ठ्याहत्तर जणांनी. म्हणजे चौऱ्याण्णव टक्के. एकोणऐंशी झाले की पंच्याण्णवच्या वर. आज शेवटचा दिवस. दुपारी तीनला राज्य कंप्युटरची दारं बंद करणार."

"उरली पाच. ओव्हरस्ट्रीटची जुळी..."

"ती मेम्फिसला गेली बापाबरोबर."

"गेली, पण तिथल्या शाळेनं अजून त्यांचे कागद मागवलेले नाहीत. म्हणून आपल्या पटावर. डेमेट्रियस तिकडे जॅक्सन शहरी इस्पितळात, त्याला सूट मिळायला डॉक्टरचा कागद लागतो, तो आलेला नाही. पेटिग्रूबाईंचा मुलगा घरी बसलाय, परीक्षेला पाठवणार नाही म्हणतात त्या. काल फोनवर मला काय काय सुनावलं, ते मी चर्चला जाणारी बाई, परत तोंडातून काढायची नाही."

प्रुइट हसले नाहीत. "आणि पाचवी?"

"मार्केशा टर्नबो."

मार्केशाची आजी गेले तीन आठवडे अंथरुणाला खिळलेली होती, आणि आता दिवस मोजत होती, हे साऱ्या बेथेल ग्रोव्हला ठाऊक होतं. पोरीनं वाचनाची परीक्षा दिली होती. गणिताच्या दिवसापासून ती आलीच नव्हती.

"मी नसतं सांगितलं," प्रुइट म्हणाले. "दुसरं कुणी असतं तर मी तुम्हाला त्या घरी पाठवलं नसतं."

"मला माहीत आहे, सर," व्हर्डेल म्हणाली आणि खणातून गाडीची किल्ली काढली.

व्हर्डेल हबर्ड एकोणसाठ वर्षांची होती आणि त्यातली एकतीस वर्षं ती या काउंटरच्या मागे बसली होती. हजेरी, दाखले, बसचे मार्ग, डोक्यातल्या उवा, विसरलेले डबे, सगळं तिच्याकडे. ती स्वतः याच शाळेत शिकली. तिची आई इथल्या स्वयंपाकघरात बिस्किटं भाजायची. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावात आता एक पेट्रोलपंप, दोन चर्च, एक दफनविधीचं दुकान आणि ही शाळा एवढंच उरलं होतं. पोस्टसुद्धा आठवड्यातून तीनच दिवस उघडायचं.

राज्य दर शरद ऋतूत प्रत्येक शाळेला एक अक्षर देत असे, सगळ्यात चांगल्या ए पासून नापास एफ पर्यंत. ते अक्षर कसं काढतात हे शाळेत प्रुइटांच्या खालोखाल व्हर्डेलला कळत होतं, कारण तिनं ते हट्टानं शिकून घेतलं होतं. एकदा स्वयंपाकघरातल्या बायकांना तिनं ते जेवणाच्या तक्त्याच्या पाठीवर आकृती काढून समजावलं होतं. "हे बघा, सातशे मार्कांचा मामला आहे. किती पोरांना चांगलं वाचता येतं, किती जणांना गणित येतं, पाचवीला विज्ञान किती येतं, ते एका बाजूला. पण नुसतं तेवढंच नाही. गेल्या वर्षी पोर ज्या पायरीवर होतं, तिथून वर चढलं की नाही, हे वेगळं मोजतात. आणि तळातली जी पाव पोरं असतात ना, सगळ्यात कच्ची, ती चढली की नाही हे पुन्हा वेगळं."

"म्हणजे कच्चं पोर दोनदा मोजतात?" भांडी घासणाऱ्या लुएलानं विचारलं होतं.

"दोनदा."

"मग माझा नातू म्हणजे तुमच्यासाठी सोनंच की!"

तेव्हा सगळ्या खूप हसल्या होत्या. पण शाळेला दोन वर्षं लागोपाठ एफ मिळालं होतं. पेपरात यादी छापून आली. शेजारच्या गावी बास्केटबॉलचा सामना होता, तिथली पोरं पायऱ्यांवर उभी राहून पाय आपटत एका सुरात ओरडायला लागली, "एफ! एफ! एफ!" दुसऱ्या दिवशी दुसरीतला एक मुलगा ऑफिसात दाखला घ्यायला आला होता, त्यानं व्हर्डेलला विचारलं, "मिस व्हर्डेल, आम्ही एफ आहोत का?" तिनं त्याला एक पेपरमिंटची गोळी दिली.

जिल्ह्याच्या मंडळानं ठराव केला होता की तिसऱ्यांदा एफ आलं तर शाळा बंद होईल आणि पोरं बसनं चोवीस मैलांवर जातील. या वर्षी सगळ्यांनी जीव तोडून काम केलं होतं. शनिवारीसुद्धा वर्ग भरले होते. प्रुइटांचा अंदाज होता की निसटतं का होईना, डी मिळेल. पण निदान पंच्याण्णव टक्के पोरांनी परीक्षा दिली नाही, तर राज्य एक अक्षर खाली ढकलतं. डीच्या खाली एफ. त्याच्या खाली काही नाही.

टर्नबोंचं घर कापसाच्या जुन्या गिरणीमागे होतं. गाडीनं सात मिनिटं. ओसरीवर हर्शेल बसला होता, मार्केशाचा मामा. मार्केशाची आई मेम्फिसच्या एका गोदामात कामाला होती. तिला निरोप गेला होता आणि ती संध्याकाळपर्यंत पोचणार होती. हर्शेल कॅटफिश मासळीच्या तळ्यांवर काम करायचा. त्याच्या रबरी बुटांवर वाळलेला चिखल होता. तो व्हर्डेलच्या वर्गात होता. लहानपणी तिची वेणी ओढायचा.

"व्हर्डेल," तो म्हणाला, "तू पाउंडकेक घेऊन आली असशील तर ये. परीक्षेचं काही घेऊन आली असशील तर तिथूनच वळ."

"केक उद्या आणते."

"वाटलंच मला."

ती पायरीवर बसली. त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, तीन वाजता. हर्शेलनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोरीची आजी मरायला टेकलेली असताना तुमचं राज्य काय मोजतंय?"

"माझं नाही रे ते राज्य."

"नर्स म्हणाली, आज नाहीतर उद्या. नाहीतर परवा. त्यांनाही कळत नाही." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला नको विचारू. आत जा. तिला विचार."

पुढच्या खोलीत इस्पितळाचा पलंग टाकला होता. आजी त्यावर एवढीशी दिसत होती. घरातले सगळे तिला मडिअर, म्हणजे 'मदर डिअर', म्हणत, शेजारीपाजारीसुद्धा. मार्केशा उशाशी स्टुलावर बसून ओल्या स्पंजनं तिचे ओठ भिजवत होती. अकरा वर्षांची, हाडकुळी, चष्म्याची एक काडी टेपनं चिकटवलेली. व्हर्डेलला बघताच ती उठून उभी राहिली. मडिअरची तशी शिस्त होती.

"गुड मॉर्निंग, मिस व्हर्डेल."

"बस, बाळा."

मडिअरचे डोळे अर्धवट उघडले. "कोण? हबर्डांची सून?"

"हो, मिस अर्लीन."

"पोर शाळेला जात नाही म्हणून आलीस ना?" आवाज वाळलेल्या पानासारखा होता, पण धाक जुनाच. "मी सांगते तिला रोज. ऐकत नाही. म्हणते, तुझ्याजवळ बसते."

"आज गणिताची परीक्षा आहे. शेवटची. दोन-तीन तासांचं काम आहे."

मार्केशा घाईनं म्हणाली, "मला नाही जायचं, मडिअर. मला गणित येतच नाही."

"कोण म्हणतं?"

मडिअरनं चादरीवरचा हात उचलला. मार्केशानं तो पकडला.

"माझ्या घरात परीक्षेला घाबरून कुणी लपलेलं नाही," मडिअर म्हणाली. मध्ये दोनदा थांबून तिनं श्वास घेतला. "जा. सगळं लिही. सरळ परत ये आणि मला सांग, कसं झालं ते."

मग तिनं व्हर्डेलकडे पाहिलं. "माझं काही झालं तर?"

"मी स्वतः घेऊन येईन तिला," व्हर्डेल म्हणाली. "सात मिनिटं लागतात. हर्शेलनं फोन केला की मी तिला उचलणार आणि आणणार. शब्द देते."

मडिअरनं डोळे मिटले. ते मान्य केल्यासारखं होतं.

गाडीत मार्केशा खिडकीकडे तोंड करून बसली होती. गिरणी मागे पडल्यावर तिनं विचारलं, "मी नापास झाले तर शाळा बंद होईल का?"

"तसं काही नसतं. तू बसलीस की झालं."

"गेल्या वर्षी मी सगळ्यात खालच्या पायरीवर होते. आमच्या बाई मिस लॅथम, त्यांच्या वर्गाच्या भिंतीवरच्या तक्त्यात माझं कार्ड तळाला आहे. नाव नाही लिहिलेलं, नुसता नंबर आहे, पण सगळ्यांना माहीत आहे."

व्हर्डेलला तो तक्ता माहीत होता. तळाची पाव मुलं. ती कार्डं तिनंच कापली होती.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "येतील ती आधी सोडव. झालं की पुन्हा तपास. घड्याळाकडे बघायचं नाही. कळलं?"

"हो, मॅम."

पावणेनऊला मार्केशा कंप्युटरच्या खोलीत बसली. खोलीत ती एकटीच आणि समोर मिस लॅथम. प्रुइट दारापर्यंत आले, काचेतून पाहिलं, व्हर्डेलकडे बघून नुसती मान हलवली आणि जिल्ह्याच्या बैठकीला निघून गेले.

दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"श्वास बदललाय," हर्शेल म्हणाला. "मध्येच थांबतो आणि मग येतो. नर्स आलीय. पोरीचं नाव घेतेय सारखी. घेऊन ये."

"आणते," व्हर्डेल म्हणाली.

ती उठली. बोळातून चालत गेली. दाराला चौकोनी काच होती. आत मार्केशा पडद्याला नाक लागेल इतकी वाकून बसली होती. कागदावर पेन्सिलीनं काहीतरी मांडत होती, ओठ हलत होते. मिस लॅथमनं दारात व्हर्डेलला पाहिलं. व्हर्डेलनं खुणेनं विचारलं, किती? लॅथमनं समोरच्या पडद्यावर पाहिलं आणि दहा बोटं दाखवली, मग एक. अकरा प्रश्न उरले होते.

व्हर्डेलनं दरवाजाच्या मुठीवर हात ठेवला.

पोर मध्येच उठून गेली तर ती परीक्षा संपली. दुसरा दिवस असता तर उद्या उरलेली देता आली असती. आज शेवटचा. अर्धवट पेपर धरतील, न धरतील, आणि धरला तरी तळाची ती तळालाच राहणार. अकरा प्रश्न म्हणजे पंधरा मिनिटं. वीस. गेले तीन दिवस असंच चाललंय त्या घरात, तिनं स्वतःला सांगितलं. परवाही हर्शेलनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावलं होतं आणि मडिअरनं उठून भाताची पेज मागितली होती. नर्सलाही कळत नाही. आज, उद्या, परवा.

मुठीवरचा हात तिनं काढून घेतला. पुढे कित्येक महिने तिला तो हात आठवत राहिला. कुणी ढकलला नव्हता, कुणी धरला नव्हता. तिचाच हात होता.

ती परत येऊन खुर्चीत बसली. दहा पंचविसाला फोन पुन्हा वाजला.

"कुठे आहात?" हर्शेलचा आवाज चढला होता.

"निघालोच," व्हर्डेल म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती पुन्हा बोळात गेली. आता लॅथमनं पाच बोटं दाखवली. मार्केशानं चष्मा काढून फ्रॉकला पुसला, परत घातला, आणि पुन्हा मागच्या प्रश्नावर गेली. ती तपासत होती. घड्याळाकडे बघत नव्हती.

दहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी तिसरा फोन आला. या वेळी हर्शेल अगदी हळू बोलला.

"आता घाई नको करूस," तो म्हणाला. "सावकाश आण तिला."

मार्केशा अकराला पाच कमी असताना बाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती जवळजवळ उड्या मारत होती.

"झाली, मिस व्हर्डेल! सगळे सोडवले. दोनदा तपासले. ते टाकीतल्या पाण्याचं होतं ना, अपूर्णांकाचं, ते मला आलं! चला लवकर. मडिअरला सांगायचंय."

व्हर्डेलनं तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. पोर पट्टा लावता लावता बोलतच होती. रेल्वेच्या फाटकाजवळ आल्यावर रूळ रिकामे होते, तरी व्हर्डेलनं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"काय झालं?" मार्केशानं विचारलं. मग तिनं व्हर्डेलचं तोंड पाहिलं. पोरीच्या हातात परीक्षेचा कच्चा कागद नव्हता, तो लॅथमनं नियमानं काढून घेतला होता. हात नुसतेच मांडीवर होते. ते आपोआप मिटले.

"केव्हा?" तिनं विचारलं.

"आत्ताच," व्हर्डेल म्हणाली. "आत्ताच गेली, बाळा."

दफनविधी शनिवारी झाला. चर्च भरलं होतं. व्हर्डेलनं दोन केक केले, कोबीची भाजी केली, भांडी धुतली, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः ताट घेतलं नाही. सगळं आटोपल्यावर हर्शेल मागच्या अंगणात पेकानच्या झाडाखाली तिच्याजवळ येऊन उभा राहिला. अंगावरचा कोट उसना होता, बाह्या आखूड पडत होत्या.

"त्या दिवशी आमची लाइन खराब होती," तो म्हणाला. "तुला नीट ऐकू आलं नसेल."

तो तिच्याकडे बघत नव्हता. व्हर्डेलला कळलं, तो तिला दार उघडून देतोय. नुसतं हो म्हटलं तरी चाललं असतं.

"ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा."

हर्शेलनं झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं.

"दारावर गाडी वाजली की तिला वाटायचं पोर आली. शेवटपर्यंत," तो म्हणाला. "मार्केशाला मी सांगितलंय की आधी फोन लागतच नव्हता. तेवढं तसंच राहू दे."

"हर्शेल..."

"तसंच राहू दे म्हटलं ना." आणि तो आत निघून गेला.

ऑक्टोबरात राज्याची यादी आली. बेथेल ग्रोव्ह, डी. काठावर, पण डी. प्रुइट मोठे गृहस्थ, पण कागद वाचून खुर्चीत बसले आणि डोळ्यांवर हात धरून रडले. स्वयंपाकघरातून लुएला ओल्या हातांनी धावत आली. शिक्षकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. दुपारी व्यायामशाळेत मोठा चौकोनी केक आणला. त्यावर निळ्या साखरेनं भलंमोठं डी काढलं होतं. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर हसला असता. डी मिळाल्याबद्दल कुणी केक कापतं का! पण त्या व्यायामशाळेत कुणालाच हसू आलं नाही. पोरं टाळ्या वाजवत होती. ज्यांनी वर्षभर एफ ऐकलं होतं ती पाय आपटत "डी! डी! डी!" ओरडत होती.

पुढे दोन वर्षांनी शाळा बंद झालीच. अक्षरामुळे नव्हे. पट साठाच्या खाली गेला आणि मंडळानं गणित मांडलं. पण त्या दुपारी ते कुणाला ठाऊक नव्हतं.

व्हर्डेल ऑफिसातच बसून होती. फोन कुणीतरी घ्यायला हवा, असं तिनं सांगितलं होतं. समोर राज्याचा कागद होता. तिनं तो वरपासून खालपर्यंत तीनदा वाचला होता.

दार ढकलून मार्केशा आली. आता सहावीत होती. उंच झाली होती, चष्मा नवा होता. हातात कागदी रुमालावर केकचा तुकडा होता, त्यावर निळ्या साखरेची एक रेघ आलेली.

"तुम्ही आला नाहीत म्हणून आणला," ती म्हणाली. "मिस लॅथमनी पाठवलंय. प्रुइट सर म्हणाले, मी दोन पायऱ्या चढले. एक नाही, दोन. सर म्हणाले, तू नसतीस तर आज केक नसता. खरंच?"

"खरंच."

"कुठे आहे ते?"

व्हर्डेलनं कागद तिच्याकडे वळवला. मार्केशा काउंटरवर कोपरं टेकून वाकली. तिचं बोट ओळींवरून फिरत राहिलं. वाचन, गणित, प्रगती, तळाचा चतुर्थांश, टक्के, टक्के.

"यात माझं नाव कुठे आहे?"

"नावं नसतात. नुसते आकडे असतात." व्हर्डेलनं सर्वात खालची ओळ दाखवली. "हे बघ. परीक्षेला बसलेली मुलं, पंच्याण्णव पूर्णांक दोन. तू नसतीस तर इथे चौऱ्याण्णव आलं असतं. मग हे वरचं अक्षर एफ झालं असतं."

मार्केशानं त्या आकड्यावर बोट ठेवलं. "म्हणजे मी इथे आहे. तो जो वरचा एक आहे ना, तो." ती हसली. मग जरा लाजून म्हणाली, "मडिअरला कळलं असतं तर किती खूश झाली असती ना?"

व्हर्डेलनं केकचा रुमाल बाजूला ठेवला. पाच महिने तिनं हर्शेलचा शब्द पाळला होता. चर्चमध्ये ही पोर तिच्या शेजारी येऊन बसायची, प्रार्थनेच्या वेळी हात धरायची. दर रविवारी तो हात हातात घ्यायचा, आणि सोडायचा.

"मार्केशा," ती म्हणाली, "फोन लागला होता."

पोरीला कळलं नाही.

"त्या दिवशी. तुझ्या मामाचा फोन लागला होता. दहा वाजून दहा मिनिटांनी. मडिअर तुझं नाव घेत होती. मी दारापर्यंत आले, तू लिहीत होतीस. तुला मी बोलावलं नाही. त्यानं परत फोन केला, तेव्हा निघालो म्हणून खोटं सांगितलं. तुझे प्रश्न पुरे व्हावेत म्हणून. शाळेसाठी. ती पावणेअकराला गेली. मी तुला आणलं असतं तर तू पोचली असतीस."

भिंतीपलीकडून व्यायामशाळेतला गोंगाट येत होता. कुणीतरी शिट्टी वाजवली. मार्केशाचं बोट अजून कागदावरच होतं. तिनं ते हळूच उचलून घेतलं.

"मामाला माहीत आहे?"

"आहे. त्यानं तुला सांगू नको म्हटलं होतं. त्याचा काही दोष नाही."

"दहा वाजून दहा," मार्केशा म्हणाली. ती आठवत होती. "तेव्हा माझे किती राहिले होते?"

"अकरा."

"त्यातल्या चारांची उत्तरं मी अंदाजानंच टाकली," ती म्हणाली. "मला येत नव्हते. मी नुसती उगाच बघत बसले होते त्यांच्याकडे, कारण तुम्ही म्हणालात, घाई करू नको."

क्षमा मागायचं व्हर्डेलनं ठरवलं होतं, मनात कितीदा घोकलं होतं. आता ते या पोरीच्या अंगावर आणखी एक ओझं टाकल्यासारखं होईल असं तिला वाटलं. पोर बिचारी लगेच म्हणेल, काही हरकत नाही, मॅम. मडिअरनं तशीच वाढवली होती तिला.

"मी वर्गात जाऊ?" मार्केशानं विचारलं.

"जा."

"आमचा वर्ग परतलाय, तास सुरू झालाय. चिठ्ठी लागेल."

उशिरा वर्गात जाणाऱ्या मुलाला ऑफिसची चिठ्ठी लागते. व्हर्डेलनं चिठ्ठ्यांचं पुडकं ओढलं. एकतीस वर्षांत तिनं अशा हजारो लिहिल्या असतील: बस चुकली, दात दुखतोय, आई आली होती. तिनं तारीख लिहिली. मार्केशा टर्नबो, सहावी. मग कारणाच्या ओळीवर तिचं पेन थांबलं. पोर समोर उभी होती, हात बाजूला सरळ, वाट बघत.

व्हर्डेलनं लिहिलं: "ऑफिसनं अडवून ठेवलं. मुलीची चूक नाही." खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

मार्केशानं चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली आणि वाचली. पुन्हा एकदा वाचली.

"थँक यू, मॅम," ती म्हणाली.

ती बोळात गेली. भिंतीच्या उजव्या कडेनं, सगळ्यांना शिकवलंय तशी, हळूहळू चालत वर्गाच्या दाराशी पोचली. दार ठोठावण्याआधी तिनं चिठ्ठीची चौपदरी घडी केली आणि ती फ्रॉकच्या खिशात ठेवली. बाईंनी दार उघडून कुठे होतीस विचारलं तेव्हा ती म्हणाली, "उशीर झाला, मॅम. माझ्याकडे चिठ्ठी नाही," आणि जाऊन आपल्या बाकावर बसली.